सहा माणसं, सत्तर मुली: मंडळीच्या एकत्र प्रार्थनेची पार्श्वभूमी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत प्रार्थना सप्ताह असतो. शाली-स्वेटर घालून माणसं संध्याकाळी जमतात, वर्षाची सुरुवात प्रभूच्या चरणी करतात. सप्ताह संपतो आणि बुधवारच्या प्रार्थनासभेला पुन्हा तेच सात-आठ चेहरे दिसतात. पाळक रविवारी कळकळीने सांगतात, पण आकडा हलत नाही. म्हणून ही प्रथा आली कुठून, आणि पूर्वी माणसं एकत्र प्रार्थनेला कशी लागली, हे पाहावंसं वाटलं.

जानेवारीच्या सप्ताहाचं मूळ आपल्याच देशात, लुधियान्यात आहे. 1857चं वर्ष नुकतंच सरलं होतं. 1858 साली तिथल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने जगभरच्या ख्रिस्ती लोकांना विनंती केली, की जानेवारी 1860 मधला एक आठवडा सर्वांनी प्रार्थनेसाठी राखून ठेवावा. देशोदेशींच्या मंडळ्यांनी ती मानली.

लुधियान्याच्या मिशनरींना हे सुचलं, त्यामागे अमेरिकेतून येणाऱ्या बातम्या होत्या. न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर जेरेमाया लँफियर नावाच्या गृहस्थांनी 23 सप्टेंबर 1857 रोजी दुपारी बारा ते एक अशी प्रार्थनासभा ठेवली होती. कामधंद्यातल्या माणसांना जेवणाच्या सुट्टीत येता यावं म्हणून ती वेळ. बारा वाजले, कोणी आलं नाही. अर्धा तास ते वरच्या खोलीत एकटेच होते. साडेबाराला जिन्यावर पहिली पावलं वाजली. एक वाजेपर्यंत सहा जण झाले, पुढच्या आठवड्यात वीस. लवकरच सभा रोज भरू लागली, आणि काही महिन्यांत अशा सभांचं लोण शहराशहरांत पोहोचलं. तो पहिला अर्धा तास मला फार मोठा वाटतो. लँफियर उठून घरी गेले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

आपल्या मराठी मंडळीला मात्र सर्वांत जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, 1900 साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी आणल्या. या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. पोटाची सोय झाली, शाळा झाली, काम झालं. तरी बाईंचं मन तेवढ्यावर थांबत नव्हतं. 1898 साली इंग्लंडमधल्या केझिक गावच्या ख्रिस्ती मेळाव्यात त्यांनी भारतातल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थनेची मागणी केली होती. 1903 साली त्यांची मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी एब्रम्स ऑस्ट्रेलियाला गेल्या. मेलबर्नमध्ये घरोघरी चालणाऱ्या प्रार्थनामंडळांची हकीकत त्यांना तिथे समजली. पुढे वेल्समधल्या मंडळ्यांतल्या आत्मिक जागृतीच्या बातम्या येऊ लागल्या.

जानेवारी 1905 मध्ये बाईंनी मुलींना विचारलं, माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसेल? सक्ती नव्हती. सत्तर जणी पुढे आल्या. काय मागायचं ते ठरलेलं होतं, वेळ ठरलेली होती आणि बाई स्वतः त्यांच्यात बसत होत्या. माझ्या मते सगळं मर्म या तीन गोष्टींत आहे. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमत होत्या.

29 जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला एका मुलीच्या अंगाभोवती तिच्या सोबतिणीला ज्वाळा दिसल्या. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तोच तिच्या लक्षात आलं, की मुलगी जळत नाहीये, प्रार्थना करते आहे. ही आठवण मुक्तीच्या वृत्तान्तांत नोंदलेली आहे. दुसऱ्या दिवशी बाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असताना मुली मोठ्याने, सगळ्या एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. बाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढे याच मुली तुकड्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या.

एकत्र प्रार्थनेला तोंडी बसणारे शब्दही लागतात. ती उणीव रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भरून काढली. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अभंग, ओव्या, कीर्तनं मंडळीत आणली. त्याआधीची बरीच गीतं परक्या चालींवर होती. टिळकांची भजनं ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही पाठ झाली, आणि ‘उपासना संगीत’मधून आजही म्हटली जातात.

आमच्या सभेत काही बाया वर्षानुवर्षं मोठ्याने प्रार्थना करायला लाजत. त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो टिळकांच्या भजनात, टाळाच्या साथीने. पुढे कधीतरी त्यांतल्याच एकीने डोळे मिटून सुनेच्या बाळंतपणासाठी दोन वाक्यांची प्रार्थना केली, आणि सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं.