एसएसबीच्या नोट्स घेऊन मर्चंट नेव्हीच्या मुलाखतीला जाऊ नका

गेल्या महिन्यात दापोलीजवळच्या एका गावातला मुलगा सराव मुलाखतीसाठी माझ्याकडे आला. बारावीला चांगले गुण, काटक अंगकाठी, बोलायला चुणचुणीत. मी पहिलाच प्रश्न विचारला, "मर्चंट नेव्हीत का यायचंय?" तो खुर्चीत ताठ झाला आणि म्हणाला, "सर, मला गणवेशात राहून देशाची सेवा करायची आहे." पाठोपाठ नेतृत्वगुण, सांघिक भावना, शाळेतली एनसीसी. सगळं पाठ, सगळं खणखणीत, आणि सगळं चुकीच्या दारावर. त्याच्या पिशवीत एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांतल्या अधिकारी निवडीच्या, क्लासच्या नोट्स होत्या.

असा मुलगा मला दर दोन-तीन आठवड्यांनी भेटतो. मी वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, आता मुलांची तयारी करून घेतो, आणि दरवेळी तीच गल्लत निस्तरत बसतो. दोन्हीकडे "नेव्ही", दोन्हीकडे पांढरा शर्ट आणि खांद्यावर पट्ट्या, दोन्हीकडे बारावीला पीसीएम, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित. म्हणून घरचे समजतात की एक तयारी दोन्हीकडे चालेल. ती चालत नाही. एका ठिकाणी शाबासकी मिळवणारं उत्तर दुसऱ्या ठिकाणी तुम्हाला सरळ बाहेर काढू शकतं.

मूळ फरक बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. भारतीय नौदल संरक्षण मंत्रालयाखाली, युद्धनौका, देशाचं रक्षण. मर्चंट नेव्ही म्हणजे कच्चं तेल, कोळसा, धान्य, कंटेनर, मोटारी वाहणारी जहाजं. मालक जपानी किंवा ग्रीक असेल, जहाजावर झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा असेल, आणि तुमच्या प्रशिक्षणावर नि प्रमाणपत्रांवर देखरेख आपल्या नौवहन महासंचालनालयाची. तुम्ही तिथे करारावर काम करणारे व्यावसायिक असता.

एसएसबीही तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे खडकवासल्याच्या एनडीएचं आणि छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचं नाव घराघरात पोचलंय. पाच दिवस, पहिल्या दिवशी चाळणी, मग चित्रांवरून गोष्टी, पंधरा-पंधरा सेकंदांत साठ शब्दांवर वाक्यं, मैदानावरची कामं, मुलाखत आणि शेवटी सगळ्या परीक्षकांची एकत्र बैठक. तिथे बघतात ते हे, की उद्या या माणसातून अधिकारी घडेल का.

शिपिंग कंपनीची निवड बहुतेक वेळा एका-दोन दिवसांत उरकते. लेखी परीक्षा, बऱ्याच ठिकाणी मानसशास्त्रीय चाचणी, आणि मग पंधरा-वीस मिनिटांची मुलाखत. समोर बसलेला माणूस बहुधा कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर असतो. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो, या पोराला मी माझ्या जहाजावर घेतलं तर तो आणि त्याच्या आजूबाजूचे सहा-आठ महिन्यांनी धडधाकट घरी जातील का?

गाडी खरी अडते ती इथे, म्हणून यावर जरा थांबतो.

मी प्रत्येक मुलाला एक प्रसंग देतो. कंपन्यांच्या मुलाखतीतही तो वेगवेगळ्या रूपांत येतो. तू कॅडेट, म्हणजे जहाजावरचा शिकाऊ आहेस. डेकवरून चालताना तुला एका बॅलास्ट टाकीचं, म्हणजे जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात त्या टाकीचं, झाकण उघडं दिसतं. आत डोकावतोस तर तळाशी तुझा सहकारी निपचित पडलेला. जवळ कुणी नाही. काय करशील?

दहातली आठ मुलं म्हणतात, "सर, मी ताबडतोब आत उतरून त्याला बाहेर काढीन." हे सांगताना त्यांचे डोळे चमकतात. मन चांगलं आहे, यात शंका नाही. पण हे उत्तर देणारा मुलगा जहाजावर असता तर बहुधा दुसरा मृतदेह झाला असता.

बंद टाकीतला ऑक्सिजन गंज खाऊन टाकतो. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन वापरला जातो, आणि महिनोन्महिने बंद राहिलेल्या टाकीत, नांगराची साखळी ठेवतात त्या खोलीत, जहाजाच्या पोटातल्या, कोळसा किंवा लाकडाचे ओंडके भरलेल्या कप्प्यात त्याचं प्रमाण नेहमीच्या २०.९ टक्क्यांच्या कितीतरी खाली जातं. त्याला वास नाही, रंग नाही. ऑक्सिजन फारच कमी असला तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. शिडीवरून परत फिरायलाही वेळ मिळत नाही. पहिला माणूस पडलेला दिसला म्हणून दुसरा उतरतो, त्याला आणायला तिसरा. बंद जागेतल्या अपघातांत मरणाऱ्यांमध्ये वाचवायला उतरलेल्यांची संख्या मोठी असते. म्हणूनच सोलास या समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने २०१५ पासून दर दोन महिन्यांनी बंद जागेत शिरण्याचा आणि तिथून सुटका करण्याचा सराव जहाजांना बंधनकारक केला.

बरोबर उत्तर दिसायला अगदी साधं आहे. मी आत उतरणार नाही. आधी अलार्म वाजवीन, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, कळवीन, नेमकी कुठली टाकी आणि किती माणसं ते सांगीन. बचाव पथक बीए सेट (हवेच्या नळकांड्यासह श्वसनयंत्र) घालून, हवा तपासून, दोर लावून येईपर्यंत तोंडाशी थांबेन आणि दुसऱ्या कुणाला आत जाऊ देणार नाही. शेवटचं वाक्य जो मुलगा आपणहून बोलतो, त्याच्याकडे कॅप्टन मान वर करून बघतो.

एसएसबीवर मी अन्याय करत नाही. तिथेही अविचारी धाडस कुणी मागत नाही. पण क्लासमधून मुलांना "मी पुढे झालो, मी उडी घेतली, मी वाचवलं" अशी वाक्यं घोटून दिली जातात, आणि तीच सवय घेऊन मुलं कॅप्टनसमोर बसतात. माझा राग आहे तो या घोटण्यावर. अठरा वर्षांच्या पोराला कुणीतरी आधी सांगायला हवं की जहाजावर थांबणं हेही काम आहे.

मग धाडस लागतच नाही का? लागतं. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि माल भरलेल्या टाकीला आग लागली. जहाजावर २२ भारतीय आणि १ बांगलादेशी खलाशी होते. त्यांनी फोम वापरून, मग समुद्राचं पाणी मारून आगीशी झुंज दिली. पुढे भारतीय नौदलाच्या आयएनएस विशाखापट्टणमचं अग्निशमन पथक मदतीला आलं. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने कॅप्टन अभिलाष रावत आणि त्यांच्या खलाशांना असामान्य शौर्याचा पुरस्कार दिला. हा प्रसंग मुलाखतीत जरूर सांगा, पण समजून सांगा. ते लोक शूर होते, आणि आगीचा सराव त्यांनी आधी कंटाळा येईपर्यंत केलेला होता. शौर्य त्या सरावावर उभं होतं.

आज्ञेचं तसंच. "वरिष्ठ सांगतील ते मी डोळे झाकून करीन" हे उत्तर मुलांना फार सुरक्षित वाटतं. मी लगेच विचारतो, बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, तुला सेफ्टी हार्नेसशिवाय मास्टवर (डोलकाठीवर) चढायला सांगितलं तर? इथे गप्प बसणारा मुलगा मला नको असतो. "सर, मी थांबेन, हार्नेस मागेन, नाही मिळाला तर चीफ ऑफिसरला विचारीन" एवढं नम्रपणे म्हणता आलं पाहिजे. कॅडेटने काम थांबवलं म्हणून चांगल्या कंपनीत त्याला कुणी ओरडत नाही.

"का यायचंय" या प्रश्नाकडे परत येऊ. पगाराचं नाव काढायचं नाही, असं मुलांना शिकवलेलं असतं. मला ते मुळीच पटत नाही. तुम्ही एका व्यापारी कंपनीत नोकरी मागताय. घराला हातभार लावायचाय हे सांगण्यात लाज कसली? फक्त तेवढ्यावर थांबू नका. जहाजावरच्या कामातलं काय ठाऊक आहे ते सांगा. कोकणात तर दर वाडीत कुणी ना कुणी "बोटीवर" असतं. त्या काकांकडे दोन संध्याकाळी बसा, कॅडेटचा दिवस कसा जातो ते विचारा. गंज खरवडणं, रंग मारणं, टाक्यांची खोली मोजणं, पहाटेचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. हे जाणून आलेला मुलगा तीन वाक्यांत ओळखू येतो.

कारण कंपनीला खरी धास्ती असते ती दोन महिन्यांत "मला साइन ऑफ करा", म्हणजे जहाजावरून उतरवून घरी पाठवा, म्हणणाऱ्याची. म्हणून प्रश्न येतो, बहिणीच्या लग्नाला सुट्टी मिळाली नाही तर? "काही हरकत नाही सर" असं झटकन म्हणू नका, ते खोटं वाटतं. वाईट वाटेल, घरच्यांशी हे आधीच बोललोय, आणि करार पूर्ण करूनच उतरेन, असं म्हणा. आणि खरंच घरी आधी बोला.

सामान्य ज्ञानापेक्षा भौतिकशास्त्राला जास्त वेळ द्या. जहाज का तरंगतं, याला "आर्किमिडीजमुळे" एवढं पुरत नाही. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १०२५ किलो प्रति घनमीटर, गोड्या पाण्याची १०००. मग समुद्रातून नदीत शिरलेलं जहाज वर येईल की खाली बसेल? खाली बसेल, कारण तेवढंच वजन पेलायला आता जास्त पाणी बाजूला सारावं लागेल. जहाज किती खोल बुडलेलं चालेल ते दाखवणाऱ्या, बाजूवरच्या प्लिमसोलच्या खुणेवर गोड्या पाण्याची रेष वेगळी आणि वरच्या बाजूला का असते, ते यातूनच कळतं. आणि कृपा करून "ताशी वीस नॉट" म्हणू नका. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, १८५२ मीटर. ही चूक ऐकली की माझ्यासारख्या प्रत्येक जुन्या खलाशाच्या कपाळावर आठी पडते.

जीएमईला, म्हणजे पदवीनंतरच्या मरीन इंजिनिअरिंग कोर्सला, येणाऱ्या मेकॅनिकलच्या मुलांना हे कमी आणि स्वतःचा प्रोजेक्ट, पंप, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक इंजिन जास्त विचारतात. प्रोजेक्ट विकत घेतला असेल तर तो दोन प्रश्नांत उघडा पडतो.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मराठी माध्यमाची कितीतरी मुलं आज कॅप्टन आहेत. जहाजावर इंग्रजी लागतं ते फिलिपिनो, युक्रेनियन सहकाऱ्यांशी स्पष्ट बोलायला. छोटी, सरळ वाक्यं पुरतात. कपड्यांबद्दल एवढंच, स्वच्छ आणि इस्त्री केलेले.

निवड झाल्यावरचा घोळही मिटवून टाकतो. एसएसबी आणि वैद्यकीय चाचणी पार करून गुणवत्ता यादीत आलात की प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा आणि पुढे नेमणूक ठरलेली. डीएनएस या नौकानयनाच्या पदविकेसाठी कंपनी जे प्रायोजकत्वाचं पत्र देते, ते वेगळं. आयएमयूची (भारतीय सागरी विद्यापीठाची) प्रवेश परीक्षा सीईटी, संस्थेतलं एक वर्ष, मग समुद्रावरचे अठरा महिने आणि त्यानंतर सेकंड मेट या अधिकारीपदाची परीक्षा, हे सगळं तुम्हालाच पार करायचं असतं, आणि संस्थेची फी बहुतेक ठिकाणी घरच्या खिशातून किंवा कर्जातून जाते. म्हणून मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचंय का?" म्हटलं की "नो सर" म्हणून उठू नका. कोर्स संपल्यावर जहाज साधारण किती दिवसांत मिळतं, आणि कंपनीकडे टँकर आहेत की बल्क कॅरिअर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणारी जहाजं), हे विचारा. कॅप्टनला असा मुलगा आवडतो.

आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर २००६ च्या सागरी कामगार करारानुसार खलाशाकडून भरतीसाठी पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), वैद्यकीय तपासणी यांचा खर्च तेवढा तुमचा. भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, ते नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, मगच कागद हातात द्या.

दापोलीचा मुलगा परवा पुन्हा आला होता. टाकीच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं, दुसऱ्या कुणाला आत जाऊ देणार नाही हेही सांगितलं. मग त्याला मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डेकसाठी रंगांधळेपणा चालत नाही, आणि ते त्याने अजून तपासून घेतलं नव्हतं.