कोरियातील संशोधनपरंपरा : शरीर, नोकरी आणि वाङ्मयेतिहास

दक्षिण कोरियातील विद्यापीठे, विद्वत्मंडळे आणि रुग्णालये यांतून विसाव्या शतकात घडत गेलेली अभ्यासपरंपरा. जहाजे, मोटारी आणि चिप यांमुळे कोरियाचे तंत्रज्ञान जगभर पोचले. मानवी हालचालींची जैवयांत्रिकी, कामाच्या ठिकाणचे मानसशास्त्र आणि वाङ्मयेतिहास या क्षेत्रांतले कोरियन काम मात्र बाहेर फारसे वाचले जात नाही, कारण त्यातला मोठा भाग कोरियन भाषेतच लिहिलेला आहे. या तिन्ही विषयांची चौकट बाहेरून आली, आधी जपानमार्गे आणि नंतर अमेरिकेतून. घरातले, कचेरीतले किंवा जुन्या पोथीतले प्रश्न त्या चौकटीत मावेनात तेव्हा कोरियन अभ्यासकांनी स्वतःची मापे तयार केली. या परंपरेतले सर्वांत मोलाचे काम तिथेच झाले आहे.

राजाश्रयाने चालणारी विद्वत्सभा कोरियाला नवी नव्हती. राजा सेजोंगने १४२० मध्ये ‘जिप्ह्योनजोन’ ही सभा राजवाड्यात नव्याने उभी केली आणि हांगुल लिपीच्या कामात तिथल्या विद्वानांचा मोठा हात होता. आधुनिक विद्यापीठ मात्र परसत्तेने आणले. १९२४ मध्ये जपानी राजवटीने सोलमध्ये केजो इम्पीरियल विद्यापीठ स्थापन केले आणि त्यात बहुसंख्य विद्यार्थी जपानीच होते. स्वातंत्र्यानंतर १९४६ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठ सुरू झाले. १९६६ मध्ये कोरिया इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी आणि १९७१ मध्ये आजच्या ‘काइस्ट’ या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाची मूळ संस्था निघाली. पदव्युत्तर संशोधनाला पैसा पुरवणारी ‘ब्रेन कोरिया २१’ ही योजना १९९९ ची. २००९ मध्ये तीन निधी-संस्था एकत्र करून नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले. ‘कोरिया सायटेशन इंडेक्स’ ही देशी नियतकालिकांची सूची तेच चालवते. एखादे नियतकालिक या सूचीत आहे की नाही, यावर प्राध्यापकाची नेमणूक आणि बढती बरीच अवलंबून असते. देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्के खर्च करतो. हे प्रमाण जगात सर्वांत वरच्या देशांत गणले जाते.

या वेगाची किंमतही मोजावी लागली. ह्वांग वू-सुक यांचे मानवी मूलपेशींवरचे २००४ आणि २००५ चे शोधनिबंध जगभर गाजले आणि जानेवारी २००६ मध्ये बनावट विदेमुळे रद्द झाले. छायाचित्रांतली नक्कल ओळखणाऱ्यांत कोरियातलेच तरुण जीवशास्त्रज्ञ होते आणि चौकशीही ह्वांग यांच्याच सोल राष्ट्रीय विद्यापीठाने केली. पाठोपाठ २००७ मध्ये संशोधनातल्या नीतिमत्तेचे सरकारी नियम आले. ही घटना कोरियन विज्ञानाची बदनामी म्हणून सांगितली जाते. तिथल्या तरुण संशोधकांचा कणा दाखवणारी घटना म्हणूनही ती तितकीच नोंदवायला हवी.

शरीराच्या अभ्यासात कोरियाचे पहिले मोठे काम समुद्रातले आहे. जेजू बेट आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या ‘हेन्यो’ म्हणजे पाणबुड्या बायका श्वास रोखून तळाशी जातात आणि शिंपले, समुद्री शेवाळ काढतात. १९६० च्या दशकात योन्से विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होंग सुक-की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांची मोजमापे घेतली. त्या काळी त्या साध्या सुती कपड्यांत, हिवाळ्यात सुमारे १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात उतरत. विश्रांतीच्या अवस्थेतही त्यांच्या चयापचयाचा दर हिवाळ्यात सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला आढळला. त्याच गावातल्या न बुडणाऱ्या बायकांत अशी वाढ नव्हती. १९७० च्या दशकात रबरी पोशाख आला. संशोधकांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा थंडीशी जुळवून घेण्याची ही शक्ती काही वर्षांतच ओसरत गेलेली दिसली. माणसाचे शरीर थंडीला किती सरावते आणि तो सराव किती लवकर विसरते, हे एकाच समाजात इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी नोंदले गेले आहे.

जैवयांत्रिकीचा दुसरा प्रश्न थेट घरातल्या जमिनीवरचा आहे. कोरियन घरांत ‘ओन्दोल’ पद्धतीने जमीन खालून तापवतात, त्यामुळे जेवण, झोप, गप्पा असे सगळे परंपरेने जमिनीवरच चालते. मांडी घालून आणि उकिडवे बसण्यात गुडघा किती दुमडतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी बनवलेला कृत्रिम सांधा या घरात अपुरा पडतो. म्हणून जास्त वाकणाऱ्या सांध्यांचे कोरियात उत्साहाने स्वागत झाले आणि त्यांची कसोटीही तिथल्याच शल्यविशारदांनी घेतली. २००७ मध्ये सोलच्या डॉक्टरांनी अशा ७२ गुडघ्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. सरासरी तीन वर्षांच्या आतच त्यातल्या २७ गुडघ्यांत, म्हणजे ३८ टक्क्यांत, मांडीच्या हाडाकडचा भाग सैल झाला होता. ज्यांचा गुडघा जास्त वाकत होता आणि जे उकिडवे किंवा मांडी घालून बसू शकत होते, त्यांच्यातच हे जास्त आढळले. रुग्णाला जे हवे होते तेच सांध्याला सोसत नव्हते. निर्मात्यांच्या चाचण्यांत न दिसलेली गोष्ट रोजच्या बैठकीने दाखवून दिली.

शेतातही हाच प्रश्न आहे. कोरियात गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षा स्त्रियांत बरीच जास्त आढळते. मिरची आणि लसणाच्या वाफ्यांत खेड्यातल्या वयस्क बायका तासन्‌तास उकिडव्या बसून काम करतात. त्यांच्यासाठी फोमची एक जाड गोल गादी मिळते. तिचे पट्टे मांड्यांत अडकवले की ती कमरेखाली बांधलेलीच राहते. बाई उठून पुढच्या वाफ्याला गेली तरी गादी सोबत जाते आणि बसताना गुडघा पूर्ण दुमडत नाही. ही वस्तू कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा खेड्याच्या बाजारात आधी ओळखीची झाली. श्रमविज्ञानाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे लक्ष दिले, हे त्यांच्या विषयाच्या हिताचेच झाले.

खेळाच्या जैवयांत्रिकीत अर्थातच तायक्वांदो पुढे आहे. ‘दोल्यो छागी’ या गोल फिरवून मारायच्या लाथेत आधी कटिभाग वळतो, मग मांडी पुढे येते, आणि मांडीचा वेग कमी होता होता गुडघ्याखालचा पाय झपाट्याने सुटतो. वेगवान कॅमेरे आणि पायाचा जमिनीवरचा जोर मोजणाऱ्या फोर्स प्लेट यांच्या साहाय्याने हा क्रम तपशीलवार मांडला गेला आहे. ऑलिंपिकमध्ये २०१२ च्या लंडन स्पर्धेपासून गुण मोजायला संवेदक बसवलेले छातीकवच वापरात आले आणि खेळाडू पुढच्याच पायाने हलके, झटपट स्पर्श करू लागले. मोजण्याचे साधन बदलल्यामुळे खुद्द हालचालच बदलली.

कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्राला कोरियात खरी निकड आली ती १९९७ च्या आर्थिक संकटानंतर. आयुष्यभराची नोकरी ही कल्पना तेव्हा एकाएकी मोडली. त्याआधी ताण मोजायला पाश्चात्त्य प्रतिमाने वापरली जात. त्यातली मुख्य दोन अशी : कामाची मागणी आणि कामावरचा ताबा यांचे नाते मांडणारे रॉबर्ट कारासेक यांचे, आणि श्रम व मोबदला यांचा तोल पाहणारे योहानेस झीग्रिस्ट यांचे. योन्से विद्यापीठाचे चांग से-जिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कोरियन व्यावसायिक ताण मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तिच्यात ४३ विधाने आणि आठ विभाग आहेत. मागणी, ताबा, मोबदला, नोकरीची असुरक्षितता हे विभाग अपेक्षितच आहेत. आठवा विभाग कचेरीच्या संस्कृतीचा आहे. ‘ऑफिसच्या जेवणावळीत मला अवघडल्यासारखे होते’, ‘इथले वातावरण हुकूमशाही आणि उतरंडीचे आहे’, ‘स्त्री किंवा पुरुष असल्यामुळे माझे नुकसान होते’ अशा आशयाची विधाने त्यात येतात. काम सुटल्यावर वरिष्ठांसोबत जेवायला आणि दारू प्यायला जाणे हा कोरियन नोकरीचा अलिखित भाग होता. ती संध्याकाळसुद्धा नोकरीच्या ताणात धरायची, हा निर्णय मला या श्रेणीतला सर्वांत धाडसी वाटतो.

त्याआधी मनोविकारतज्ज्ञांनी ‘ह्वाब्योंग’ची नोंद केली होती. गिळून टाकलेल्या रागातून येणारी छातीतली जळजळ, गोळा अडकल्याची भावना, उसासे आणि तगमग अशी ही व्याधी प्रामुख्याने मध्यमवयीन स्त्रियांत दिसे. मिन सुंग-किल यांनी तिचा दीर्घ अभ्यास केला. १९९४ च्या अमेरिकी मनोविकार-नियमावलीच्या परिशिष्टात तिचा समावेश झाला, पण २०१३ च्या आवृत्तीतल्या यादीत ती राहिली नाही. पुढच्या पिढीने अशा रागाचा शोध घराऐवजी दुकानाच्या काउंटरवर आणि कॉल सेंटरमध्ये घेतला. सेवेच्या कामात चेहऱ्यावर हसू ठेवणे हेही श्रमच आहेत, ही मांडणी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली होक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये केली होती. पण तिला कायद्याचे रूप देण्यात कोरिया पुढे गेला. १८ ऑक्टोबर २०१८ पासून ग्राहकांच्या शिवीगाळीपासून कर्मचाऱ्याचे रक्षण करणे मालकाची जबाबदारी ठरली. त्याच्या आदल्या वर्षी एका कंपनीने फोन जोडला जाण्याआधी घरच्यांचा आवाज ऐकवायला सुरुवात केली होती. जगात मला सगळ्यात जास्त आवडणारी माझी आई आता तुमच्याशी बोलेल, असे एक मूल त्यात सांगते. ही कल्पना पुढे अनेक ठिकाणी उचलली गेली.

वरिष्ठांच्या अरेरावीला कोरियात ‘गाप्चिल’ म्हणतात. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर एका विमानकंपनीच्या मालक घराण्यातल्या अधिकाऱ्याने सुकामेवा बशीत न देता पाकिटातच दिला म्हणून निघालेले विमान मागे फिरवले आणि मुख्य कर्मचाऱ्याला उतरवले. देशभर संताप उसळला. १६ जुलै २०१९ पासून कामाच्या ठिकाणच्या छळाला बंदी घालणारी कलमे श्रमकायद्यात लागू झाली. आजच्या कोरियन मानसशास्त्रीय नियतकालिकांत या कायद्याच्या परिणामांवरचे, तसेच गप्प राहणाऱ्या सहकाऱ्यांवरचे निबंध सतत येतात.

तिन्ही क्षेत्रांत सर्वांत जुना आणि सर्वांत तीव्र वाद वाङ्मयेतिहासाचा आहे, कारण देश हातात नसताना तो सुरू झाला. आन ह्वाक यांचा कोरियन साहित्याचा पहिला इतिहास १९२२ चा. किम थे-जुन यांचा कोरियन कादंबरीचा इतिहास १९३३ चा. त्याआधी तो वृत्तपत्रातून क्रमशः आला होता. पण या पिढीची खरी परीक्षा घेतली ती ‘ह्यांगगा’ने. कोरियातल्या प्राचीन सिल्ला राज्याच्या काळातल्या या देशी गीतांपैकी १४ ‘साम्गुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात, तर त्याच परंपरेतली पुढची ११ भिक्षू ग्युन्यो यांच्या चरित्रात टिकली. एकूण २५. हांगुल लिपी १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. त्यामुळे ही गीते चिनी चिन्हांत लिहिलेली आहेत, पण ती चिनी नव्हेत.

त्यांतल्याच चोयोंगच्या गीताची सुरुवात घ्या. राजधानीच्या नावानंतर चार चिन्हे येतात. चिनी अर्थाने त्यांचे वाचन ‘उजळ, मुदत, चंद्र, चांगला’ असे होते आणि वाक्य लागत नाही. पहिले चिन्ह अर्थाने घ्यायचे, म्हणजे ‘उजळ असणे’ हा कोरियन धातू मिळतो. दुसरे निव्वळ ध्वनीसाठी आहे, ते ‘गी’ हा शेवट देते. तिसरे पुन्हा अर्थाने, ‘दाल’ म्हणजे चंद्र. चौथे त्याला जोडायच्या प्रत्ययाचा ध्वनी. मग ओळ उलगडते : राजधानीतल्या उजळ चांदण्यात. कोणते चिन्ह अर्थाचे आणि कोणते ध्वनीचे, हे सांगणारी खूण कुठेही नाही. सुदैवाने १४९३ च्या ‘आखाक ग्वेबोम’ या संगीतग्रंथात चोयोंगचे नंतरचे, लांबलेले गीत हांगुलमध्ये उतरलेले आहे आणि त्यात जुन्या गीताच्या ओळी आहेत. कुलपाची किल्ली तिथे सापडली.

ही २५ गीते प्रथम संपूर्ण वाचली ती केजो विद्यापीठातले जपानी भाषाशास्त्रज्ञ ओगुरा शिनपेई यांनी, १९२९ मध्ये. यांग जू-दोंग हे वासेदा विद्यापीठात शिकलेले, प्योंगयांगमध्ये इंग्रजी साहित्य शिकवणारे कवी होते. आपल्या सर्वांत जुन्या कविता परक्या सत्तेच्या विद्वानाने वाचून द्याव्यात, याची त्यांना खंत वाटली. ते जुन्या कोरियनच्या अभ्यासाकडे वळले, १९३७ मध्ये त्यांनी ओगुरांच्या वाचनावर सविस्तर आक्षेप घेतले आणि १९४२ मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. काळ असा की १९४० मध्ये मुख्य कोरियन दैनिके बंद पाडली गेली होती आणि १९४२ मध्येच कोरियन भाषामंडळाच्या विद्वानांची धरपकड सुरू झाली. यांग यांचे मोठेपण मला रागापेक्षा शिस्तीत दिसते. त्यांनी प्रतिस्पर्ध्याला पुराव्यांनी, ओळीओळीवर उत्तर दिले. त्यांचीही वाचने पुढे तपासली गेली आणि किम वान-जिन यांनी १९८० मध्ये वाचनाचे नियमच नव्याने मांडले.

कोरियाच्या फाळणीने नवा अडथळा आणला. उत्तरेकडे गेलेल्या किंवा नेल्या गेलेल्या लेखकांची पुस्तके दक्षिणेत बंद झाली. कवी जोंग जी-योंग यांचे नाव अभ्यासग्रंथांत मधले अक्षर गाळून, तिथे पोकळ वर्तुळ टाकून छापत. विद्यार्थी ते वर्तुळ वाचायला शिकत. मार्च १९८८ मध्ये जोंग आणि किम गी-रिम यांच्यावरची बंदी उठली, जुलैमध्ये जवळजवळ सगळ्यांचीच उठली, पाच नावे वगळून. १९३० च्या दशकाचा इतिहास त्यानंतर पुन्हा लिहावा लागला. त्या दशकातले मोठे समीक्षक इम ह्वा यांनाही या बंदीमुळे उघडपणे वाचता येत नव्हते. आधुनिक कोरियन साहित्य बाहेरून आणून लावलेले आहे, असे त्यांनी १९३९ पासून लिहिले होते. या मताला उत्तर म्हणून किम युन-सिक आणि किम ह्यून यांनी १९७३ च्या इतिहासात आधुनिकतेची सुरुवात अठराव्या शतकापर्यंत मागे नेली. चो दोंग-इल यांनी १९८२ ते १९८८ मध्ये पाच खंडांत तोंडी, चिनीतले आणि कोरियनमधले असे सगळे साहित्य एकत्र आणले. चिनीत लिहिलेले कोरियन साहित्य ‘आपले’ की नाही, या जुन्या भांडणावर इतके समंजस उत्तर त्याआधी आले नव्हते.

काम संपलेले नाही. हाँग गिल-दोंग या बंडखोराची कथा होग्युन (१५६९–१६१८) यांनी लिहिलेली पहिली हांगुल कादंबरी मानली जाते. तिच्या आज मिळणाऱ्या प्रती मात्र एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. २०१९ मध्ये योन्से विद्यापीठाचे माजी प्राध्यापक यी युन-सोक यांनी ह्वांग इल-हो यांनी १६२६ मध्ये चिनीत लिहिलेले या नायकाचे चरित्र उजेडात आणले आणि हांगुल कादंबरी होग्युन यांची नव्हे, या आपल्या जुन्या मताला त्याचा आधार दिला. अनेक अभ्यासकांना हे मान्य नाही. होग्युन यांच्यानंतर थोड्याच काळात यी सिक यांनी केलेला उल्लेख त्यांना पुरेसा वाटतो, आणि दोन्ही बाजूंचे निबंध येत आहेत.