फारकत (ग्रामीण विदर्भ)

फारकत म्हणजे नवरा-बायकोनं कायमचं वेगळं होणं, काडीमोड किंवा सोडचिठ्ठीही म्हणतात. विदर्भातल्या खेड्यात हे प्रकरण कितीतरी वेळा कोर्टाची पायरी न चढता सोयऱ्यांच्या बैठकीतच उरकते. दोन्हीकडची चार-चार माणसं, पोलीस पाटील नाही तं तंटामुक्तीचा अध्यक्ष, आंदणातलं कपाट-भांडी परत, थोडेफार पैसे, अन् मग तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडून स्टॅम्पपेपरवर दोन पॅरे: "आजपासून आमचा एकमेकांशी काही संबंध राहिला नाही, दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे." खाली सह्या, अंगठे, नोटरीचा शिक्का. सगळ्यांना वाटते, झालं मोकळं.

कायद्यानं मात्र लग्न जसंच्या तसं उभं असते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे, तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागतो, आणि त्यात लग्न मोडायचं तं कोर्टाचा हुकूमनामाच लागतो, स्टॅम्प कितीचाही असो. नोटरीनं लग्नाचे किंवा घटस्फोटाचे कागद करूच नयेत असं केंद्राच्या विधी खात्यानं २०२४ मध्ये पुन्हा एकदा बजावलं, तरी शिक्के पडतातच. एक फट आहे: कलम २९(२) नं जातीतल्या जुन्या रूढीची फारकत शाबूत ठेवली आहे. पण "आमच्यात चालते" एवढं म्हणून भागत नाही, ती रूढी जुनी, सलग चालत आलेली आहे हे साक्षीपुराव्यानं कोर्टात सिद्ध करावं लागते, आणि तिथंच बहुतेकांचं गाडं अडते. गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना हा कायदा लागतच नाही, त्यांच्यात रूढीच चालते. आणि जातपंचायतीनं फारकतीसाठी दंड लावला किंवा वाळीत टाकलं, तं महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे.

दोघांची राजीखुशी असेल तं खरं म्हणजे कोर्टाचा रस्ता लोक समजतात तेवढा वाईट नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब: वर्षभर वेगळं राहिलेले पाहिजेत, दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा बयान, की हुकूमनामा. हे सहा महिनेही योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं. एकाचीच मर्जी असेल तं मात्र छळ, सोडून जाणं, व्यभिचार असं काही कारण सिद्ध करावं लागते, आणि तारखा पडत राहतात.

दुसरं लग्न, म्हणजे पाट, ही खरी फसण्याची जागा. नुसत्या स्टॅम्पवर भरवसा ठेवून पोरगा दुसरी करून आणतो, पहिली तक्रार करते, अन् भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा डोक्यावर लटकते. दुसरं लग्न रद्दबातल ठरते, पण त्यातली लेकरं औरस धरली जातात, हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ तसं म्हणते. कोर्टातून घटस्फोट झाला तरी अपिलाची मुदत, ९० दिवस, जाऊ द्यायची मग मांडव टाकायचा. बाईच्या बाजूनं एक निकाल सांगायलाच पाहिजे: तेलंगणातल्या एका बाईनं पहिल्या नवऱ्याशी फक्त लेखी करारानं फारकत घेतली होती, दुसऱ्या नवऱ्याला ते माहीत होतं, तरी पोटगी मागितल्यावर "आपलं लग्नच कायदेशीर नाही" म्हणून तो हात वर करून मोकळा. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये ते ऐकलं नाही, पोटगी द्यायला लावली.

पोटगीला खेड्यात खावटी म्हणतात. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. घटस्फोट झालेली बाईही मागू शकते, मुसलमान बाईही (२०२४ चा निकाल), आणि नवऱ्याच्या गावी जायची गरज नाही, माहेरच्या तालुक्याच्या कोर्टात अर्ज चालतो. वकील फुकट मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला उत्पन्नाची अट नाही, तालुका विधी सेवा समितीत विचारायचं. "मजुरी करते नं ती, मग खावटी कायची?" हे नेहमीचं उत्तर, पण निंदणाला नाही तं कापूस वेचायला जाते म्हणून तिचा हक्क जात नाही. तिनं पुन्हा लग्न केलं तं तिची खावटी थांबते, लेकरांची नाही.

खरी लढाई कमाई दाखवण्याची. नवरा सांगतो वावर (शेत) बापाच्या नावावर आहे, मी रोजानं जातो. पगाराची स्लिप नसते, म्हणून सातबारा, फेरफार, बाजार समितीत विकलेल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्या, पीककर्जाचे कागद गोळा करावे लागतात, आणि वाद सुरू झाल्यावर वावर भावाच्या नावावर गेलं असेल तं फेरफाराची तारीखच बोलते. २०२० पासून दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागते, आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून मोजतात. थकली तं वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाकायचा, नाही तं ती थकबाकी या वाटेनं वसूल होत नाही. न भरणाऱ्याला थकलेल्या दर महिन्यामागं एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगून आला म्हणून पैसे फिटत नाहीत.