विजेला परतीची वाट लागते, हे कळायला किती वर्षं गेली

मार्च लागला की नागपुरात कूलर बाहेर निघतात. ताट्या बदलून होतात आणि नेमका पंप चालत नाही. यंदा आमच्याकडे टेस्टर पेटत होता, फेज व्यवस्थित होती. न्यूट्रलची तार मात्र पिनेत तुटलेली निघाली. वीज दारापर्यंत आली होती, तिला परत जायला वाट नव्हती.

सर्किट म्हणजे हा पूर्ण फेरा. तो समजायला उशीर लागला, कारण 1800 पूर्वी वाहती वीज कुणाच्या हाती नव्हतीच. लायडन जार नावाच्या काचेच्या बरणीत साठवलेली वीज एका ठिणगीत संपायची, मोजणार काय? इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने बेडकाचे पाय धातूच्या स्पर्शाने आखडताना पाहिले आणि वीज प्राण्यातच आहे असं मानलं. त्याच्याच देशातल्या व्होल्टा या शास्त्रज्ञाला ते पटलं नाही. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी त्याने चळत रचली. 20 मार्च 1800 च्या पत्रात त्याने ती लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. दोन टोकं तारेने जोडली की वीज वाहतच राहायची.

पण ही चळत लवकर मंदावायची, आणि जर्मन शास्त्रज्ञ ओहमचं घोडं तिथेच अडलं. कुलपं करणाऱ्याचा हा मुलगा कोलोनच्या शाळेत शिकवायचा. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती वीज जाते ते त्याला मोजायचं होतं. मूळ दाबच, म्हणजे वीज ढकलणारा जोर (व्होल्टेज), हलत असेल तर तुलना कशी करणार? मग त्याने चळत सोडून बिस्मथ हा धातू आणि तांबं यांची जोडी घेतली; तिचे दोन सांधे वेगळ्या तापमानाला ठेवले की वीज वाहते. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं पक्की, म्हणून दाबही पक्का. वर टांगलेली चुंबकसुई किती वळते ते तो नोंदत गेला. तार लांब, तर प्रवाह कमी, आणि सुई कमी वळे. दाब भागिले रोध (तारेचा अडथळा) बरोबर प्रवाह, हे पाठ्यपुस्तकातलं सूत्र या बर्फातून आलं आहे, आणि मुलांना ते सूत्राआधी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

1827 च्या त्याच्या पुस्तकाला जर्मनीत थंड प्रतिसाद मिळाला. त्याने नोकरीही सोडली. रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक आलं ते 1841 मध्ये. चारच वर्षांनी किरखॉफने, तेव्हा तो विद्यार्थीच होता, फाटे फुटणाऱ्या सर्किटांचे नियम मांडले: सांध्यात जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर पडतो.

अंगणातल्या कूलरला लांबलचक, बारीक वायर जोडली की मोटर मंदावते. ओहमची सुई हेच दाखवत होती.