घाटात गाडी मिसिंग मारते म्हणजे प्लगच गेले?

‘जुनी पेट्रोल गाडी मधूनच मिसिंग मारत असेल तर चारही प्लग बदला, काम झालं,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेट घेत नाही आणि गाडी झटके देते; प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग. कधीकधी दोष खरंच प्लगचा असतो, म्हणून तो पटतोही. पण सातारा शहरात गाडी ठीक आणि यवतेश्वरच्या चढाला झटके, असं असेल तर आधी प्लगच्या वायरी आणि ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी कॉइल बघा. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि ते वायरीच्या बारीक चिरेतून बाहेरच इंजिनच्या धातूवर उडतं. पावसाळी ओलीत हे जास्तच.

अंधारात, मोकळ्या जागेत गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. टिकटिक आवाज, निळी ठिणगी दिसली की चीर सापडली. हात मात्र लांब. चालू इंजिनवर वायर उपटायची नाही, जबर झटका बसतो.

मग इंजिन बंद करून प्रत्येक वायर मल्टिमीटरवर मोजा. कार्बनच्या वायरीचा रोध लांबीप्रमाणे काही हजार ओहम येतो. वायर वाकवताना आकडा उडाला तर ती आतून तुटलीय.

वायरी चांगल्या निघाल्या तरच प्लग काढा. एकच प्लग काळा-ओला असेल तर तो शेजारच्याशी अदलाबदल करून गाडी पुन्हा चढावर न्या. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग बदला. जागीच राहिला तर कॉइल किंवा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) तपासा.