निपाणीची वखार फेरी : येण्याआधी एवढं वाचा

निपाणीच्या तंबाखू वखारींची पायी फेरी ठरवताना जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, "आत जायला मिळेल ना?" मिळेल, पण एकाच वखारीत. बाकीच्या बाहेरून बघायच्या. बऱ्याच वखारी आता बंद आहेत, काही वारसांच्या वाटणीत अडकल्यात, काहींत दुसराच माल भरलाय. सगळ्या खाजगी मालकीच्या आहेत.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथेच. फाटक अर्धवट उघडं दिसलं की कुणीतरी मोबाईल काढून सरळ आवारात शिरतं. मग राखणदार येतो, मालकाला फोन जातो, आम्ही हात जोडून समजूत घालतो. त्यात अर्धा तास सहज मोडतो आणि कात्री लागते ती शेवटच्या थांब्याला, म्हणजे विडी वळणाऱ्या मावशींच्या घराला. लोकांना सगळ्यात जास्त आवडतं ते नेमकं तेच. शिवाय एकदा दुखावलेला मालक पुढच्या गटाला दारातही उभं करत नाही. म्हणून कृपा करून आमच्या माणसाने हाक मारल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. काम करणाऱ्या बायकांचे फोटो त्यांना विचारूनच काढा. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपला.

"बाहेरून काय बघायचं, नुसत्या भिंती?" असंही विचारतात. या भिंतींतच तर सगळं आहे. 1943 साली तंबाखूवर केंद्राचं अबकारी शुल्क आलं. शुल्क भरेपर्यंत माल परवान्याच्या वखारीत, नोंदवहीत चढवून, कुलपाखाली ठेवावा लागे. कच्च्या तंबाखूवरचं ते शुल्क 1979 ला उठलं. हे डोक्यात ठेवून दरवाजांचे अडसर बघा, उंचावरच्या लहान खिडक्या बघा, मग भिंत वाचता येते. माल आत सांभाळणंही नाजूक काम. ओल लागली तर बुरशी, फार वाळला तर चुरा. आत बायका तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळत, पाखडत. चालू वखारीत आजही खकाणा, म्हणजे तंबाखूची धूळ, असा उठतो की नवखा माणूस दारातच खोकत परततो. दम्याचा त्रास असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. तुम्हाला दाराबाहेर सावलीत बसवून आम्ही तिथेच माहिती देऊ.

1981 च्या तंबाखू आंदोलनाबद्दल आम्ही हायवेजवळ थांबून बोलतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळुरू रस्ता धरला होता आणि एप्रिलमध्ये पोलीस गोळीबारात शेतकरी मारले गेले. ज्यांच्या घरातलं कुणी त्या रस्त्यावर बसलं होतं, अशी माणसं गावात अजून आहेत. म्हणून इथे आम्ही घाई करत नाही, आणि सेल्फीही घेऊ देत नाही.

शेवटी मावशींचं घर. मांडीवर सूप, त्यात जर्दा, म्हणजे विडीत भरायचा तंबाखू, आणि भिजवलेली तेंदूची पानं. ही पानं इकडची नव्हेत, विदर्भ-मध्य प्रदेशाकडून येतात. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरते, चिमूटभर जर्दा पसरतो, वळी होते, तोंड नखाने मुडपलं जातं, दोरा बसतो. मजुरी हजार विड्यांवर ठरते. तुम्हीही एखादी वळून बघा, हात किती जड आहे ते लगेच कळतं. मावशींच्या वेळेचे पैसे आम्ही फीमधूनच देतो, वेगळी बक्षिसी नको. आमची फी इतर फेऱ्यांपेक्षा जास्त वाटते त्याचं कारणही हेच.

एका गटात बाराच माणसं घेतो, कारण त्या घराच्या सोप्यात तेवढीच बसतात. गाडी स्टँडजवळ लावा. गल्ल्यांत ट्रक उभे असले की दुचाकीही निघत नाही. फेरी सकाळी आठला निघते आणि कुणासाठी थांबत नाही. नवा माल वखारीत येतो तो उन्हाळ्याच्या तोंडाला, तेव्हाची फेरी सगळ्यात भरगच्च होते आणि जागाही आधी भरतात. कोल्हापूर-बेळगावच्या शाळांसाठी वखारीच्या आत न जाणारा छोटा मार्ग आहे, त्यासाठी आठवडाभर आधी कळवा.