गिटारची शिकवणी (बडोदं)

गिटारची शिकवणी म्हणजे सरांच्या घरी जाऊन, नाहीतर सरांना आपल्या घरी बोलवून, एकट्याने किंवा फार तर दोघातिघांत गिटार शिकणं. बडोद्यात याला सगळे सरळ 'गिटार क्लास' म्हणतात, मग तो दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत असो की फतेगंजच्या फ्लॅटमध्ये. साधारण आठवड्यातून दोनदा, पाऊण ते एक तास. यूट्यूबवर सगळं फुकट पडलेलं असताना लोक फी का भरतात असं कोणी विचारतं, तर त्याचं उत्तर एवढंच की व्हिडिओला तुमची बोटं दिसत नाहीत, सरांना दिसतात.

संगीत शाळेत बसून, वहीत लिहून शिकायचं हे बडोद्याला नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी (तिसरे) १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली, उस्ताद मौलाबक्ष तिचे प्रमुख होते आणि त्यांनी गाणं लिहून ठेवायची स्वतःची स्वरलिपीही केली होती. तीच शाळा वाढत वाढत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी झालीय, सूरसागरच्या जवळ. आज वाजवतात त्या क्लासिकल गिटारचा साचा स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने बसवला आणि तो वारला १८९२ मध्ये, म्हणजे गायनशाळा सुरू झाली तेव्हा हा माणूस हयात होता. गिटार 'कालचं' वाद्य आहे असं म्हणणाऱ्या आजोबांना हे सांगून बघा.

शिकवणीची पहिली अडचण म्हणजे गिटार आधीच घेऊन झालेली असते. वाढदिवसाला ऑनलाइन मागवलेली, चकचकीत, आणि तारा फ्रेटपासून (म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) इतक्या उंच की मोठ्या माणसाचंही बोट दुखेल. ही उंची म्हणजे अॅक्शन. बाराव्या फ्रेटवर ती दोन-तीन मिलिमीटर असेल तर ठीक, त्याच्या बरीच वर गेली की मूल दोन आठवड्यांत सोडतं आणि घरचे म्हणतात ह्याच्यात चिकाटी नाही. चिकाटीचा काही संबंध नसतो, ब्रिजवरची, म्हणजे तारा पोटावर जिथे अडकवतात तिथली, पट्टी घासून खाली आणायची असते. लहान मुलांना नायलॉनच्या तारांची आणि तीनचतुर्थांश मापाची गिटार बरी पडते, पण हिंदी गाण्यांचा तो खणखणीत आवाज स्टीलच्या तारांचा असल्यामुळे बहुतेकांना तीच हवी असते, मग बोटांचं काय व्हायचं ते होवो.

दुसरा गोंधळ शब्दांचा. तारा सहा, नंबर बारीक तारेपासून, म्हणजे सगळ्यात बारीक ती पहिली आणि जाड ती सहावी. गिटार मांडीवर धरली की जाड तार वर येते आणि तिचा सूर मात्र सगळ्यात खालचा. त्यामुळे सर 'वरची तार' म्हणाले की अर्धे विद्यार्थी एक वाजवतात आणि अर्धे दुसरी, म्हणून जुने सर वर-खाली म्हणतच नाहीत, जाडी आणि बारीक म्हणतात. बोटांचंही तसंच, गिटारमध्ये तर्जनी म्हणजे एक नंबर, आणि जो आधी कीबोर्ड शिकलाय त्याच्या डोक्यात अंगठा एक नंबर बसलेला असतो. एक-दोन महिने ह्यातच जातात. त्यात भाषांची भेळ आहेच, मराठी घरातल्या मुलालाही सर 'बेटा, जोरथी नहीं, फ्रेट पासे दबाव' (जोरात नको, फ्रेटजवळ दाब) असंच सांगणार, आणि खरं तर सगळ्या शिकवणीतलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे. फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटून बोट ठेवलं की निम्म्या जोरात सूर साफ येतो.

जाडीपासून बारीककडे ट्यूनिंग ई, ए, डी, जी, बी, ई. पहिल्या तारेचा ई ३२९.६३ हर्ट्झ आणि सहाव्या तारेचा ८२.४१, म्हणजे बरोबर दोन सप्तकं खाली. हल्ली गिटारच्या डोक्याला लावायचा क्लिपवाला ट्यूनर असतो, मोबाइलमध्ये अॅप असतं, तरी चांगले सर महिन्याभरात कानाने लावायला बसवतात. आणि इथे आपल्या घरात वाढलेल्या कानाची मजा होते. ज्या घरी तानपुरा किंवा त्याचं अॅप रोज चालू असतं, तिथल्या पोराला गिटारचा शुद्ध गंधार चढा वाटतो. त्याचा कान चुकत नसतो. गिटारच्या फ्रेट समान अंतराच्या सप्तकावर बसवलेल्या असतात, प्रत्येक अर्ध्या सुराला कंपनं साधारण १.०५९५ पट, त्यामुळे तिथला गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). मग तो मुलगा एक कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) कानाला गोड लागेपर्यंत खुंट्या पिळतो आणि दुसरी कॉर्ड वाजवली की सगळं बिघडलेलं. हे सरांनी एकदा नीट समजावलं नाही तर मूल वर्षभर स्वतःलाच बेसूर समजतं.

कॉर्ड आपल्या भाषेत सांगितली की पटकन कळते: मेजर म्हणजे सा ग प, मायनर म्हणजे तेच पण ग कोमल. शिकवायची सुरुवात बहुतेक ई मायनरने होते, कारण दोनच बोटं लागतात, मग ए मायनर, जी, सी, डी. कॉर्ड धरणं त्यामानाने सोपं, एकीवरून दुसरीवर वेळेत जाणं अवघड, म्हणून एक मिनिट घड्याळ लावून किती वेळा बदलता येतं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. बोटांची टोकं पहिले तीन-चार आठवडे जळजळतात, मग कातडी घट्ट होते. डाव्या हाताची नखं कापलेली हवीत. रोज पंधरा-वीस मिनिटं बसलेला मुलगा रविवारी दोन तास बसणाऱ्याच्या पुढे जातो, हे सगळ्या सरांना माहीत आहे आणि कोणताही पालक ऐकत नाही.

मग येते एफची कॉर्ड. तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या आणि त्याही पहिल्याच फ्रेटवर, जिथे तार नटच्या (डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीच्या) जवळ असल्यामुळे सगळ्यात ताठ लागते. जितके लोक गिटार सोडतात त्यातले बरेचसे ह्या वळणावर सोडतात असं माझं मत. शहाणे सर तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर करून घेतात (तिथे तो ए होतो) आणि एकेक फ्रेट खाली आणतात, किंवा चार तारांच्या छोट्या एफवर सहा महिने काढू देतात.

उजव्या हाताचं काम बडोद्यात मात्र लवकर होतं. मनगट खाली-वर न थांबता हलतं ठेवायचं, तारांना लागो न लागो, हे दुसरीकडे शिकवावं लागतं, इथली पोरं नवरात्रीत नऊ रात्री टाळ्या देत मोठी झालेली असतात. गरब्यातली हींच म्हणजे सहा मात्रांचा ठेका, तो स्ट्रमिंगमध्ये (तारांवरून हात फिरवण्यात) घातला की दादऱ्याची गाणी आपोआप बसतात. आठ मात्रांचा केरवा आला की सिनेमाची निम्मी गाणी निघतात, आणि पहिल्या दिवसापासून चालू असलेलं 'सर, गाणं कधी?' तिथे थांबतं.

मराठी घरात अजून एक परीक्षा असते, आजी. आजीला हार्मोनियमवर काळी पाचमध्ये गायची सवय, नातवाला येतात फक्त जी, सी, डी. काळी पाच म्हणजे ए शार्प, म्हणून कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर लावून जीचेच आकार धरायचे की झालं. बाबांची काळी एक असेल तर कॅपो पहिल्यावर आणि आकार सीचे. गणपतीच्या आरतीला हे जमलं की फीबद्दल घरात कोणी बोलत नाही. परीक्षांचं म्हणाल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड असतात, इनिशियलपासून आठव्यापर्यंत, काही जण देतात. टॅब म्हणजे सहा रेघांवर फ्रेटचे आकडे, ते आठवड्यात वाचता येतात, स्टाफ नोटेशनला, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीला, वेळ लागतो आणि खासगी शिकवणीत ते बऱ्याचदा राहूनच जातं.

इथल्या क्लासचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. नवरात्रीत संध्याकाळी कोणी येत नाही, दुसऱ्या दिवशी आलेच तर जांभया देत. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, १४ आणि १५ जानेवारी, ह्यानंतर आठवडाभर निम्म्या वर्गाच्या तर्जनीवर मांज्याचा काप आणि त्यावर पट्टी, म्हणजे डावा हात बंद. त्या दिवसांत उजव्या हाताचा रियाज घेतात, उघड्या तारांवर. मग बोर्डाच्या परीक्षा, दहावी-बारावीवाले तर जानेवारीपासूनच गायब, आणि मे महिन्यात एकदम गर्दी, सुट्टीतली.

पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, पुढची फळी फुगते, तारा पुन्हा उंच होतात आणि ज्याची अॅक्शन मार्चमध्ये नीट केली होती तो परत 'सर, दुखतंय' म्हणत येतो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसायच्या. उन्हाळ्यात गिटार गाडीच्या डिकीत विसरली तर ब्रिजचा डिंक सुटू शकतो. पहिली तार सगळ्यात आधी तुटते, तेव्हा तिची एक जोड बॅगेच्या पुढच्या खिशात असू द्यावी आणि ती कशी बदलायची ते सरांनी पहिल्या महिन्यातच दाखवावं, नाहीतर एका तारेसाठी दोन क्लास बुडतात.